न पिणारीचं लिव्हर

लिव्हर हा शब्द कानावर पडला की तुमच्या डोक्यात आधी काय येतं? खरं सांगा, इथं कोणी पंच बसलेले नाहीत. बाटलीच येते ना? एखाद्या बाईचं लिव्हर खराब झालं म्हटलं की तोंडानं तुम्ही अरेरे म्हणता आणि मनात म्हणता, बाईमाणूस असून?

सावरतांड्याच्या पंचफुलाबाई राठोडच्या मनातही हेच यायचं. तांड्याच्या डोक्यात हे वाक्य खिळ्यासारखं ठोकलं तेच मुळी तिनं.

दारव्ह्याहून शेअर जीपनं निघालं की फाट्यावर उतरायचं. फाट्यावर देशी दारूचं परवान्याचं दुकान, आणि दुकानाला पाठ करून पाच मिनिटं चाललं की तांडा. पंचफुलाबाईचा धाकटा दीर त्या दुकानानंच नेला. पोट मडक्यासारखं, डोळे हळदीसारखे, आणि हातपाय तुरीच्या काड्या. त्याची माती झाली आणि बाईनं पदर खोचला तो खोचलाच. शाळेच्या भिंतीवर तिनं गेरूनं लिहून घेतलं, "दारू आत, लिव्हर मातीत." सभा कुठलीही असो, रेशनची असो की पाण्याची, शेवटी ती उठायची आणि म्हणायची, "ज्याचं लिव्हर गेलं त्याची बाटली शोधा. सापडतेच." लोक टाळ्या वाजवायचे. वाक्य टाळीचंच होतं.

संध्याकाळी ती आणि चारदोन बायका तांड्याच्या तोंडाशी बसायच्या आणि कामावरून येणाऱ्या प्रत्येक बाप्याचं तोंड हुंगायच्या. एकानं सांगितलं, "काकी, कांदा खाल्ला जी." ती म्हणाली, "कांद्यानं तोंड वास मारते बाप्पा, पाय वाकडे नाही पडत. चाल, चालून दाखव." या कामात तिच्या जोडीला म्हातारी रुक्माबाई असायची. तिचं नाक असं तेज की माणूस फाट्यावर असतानाच ती म्हणायची, "हा आज पावशेरवाला आहे."

पण नुसत्या धाकानं दारू सुटत नाही, हे पंचफुलाबाईला कळत होतं. तिनं तांड्याची जुनी रीत काढली. बंजाऱ्यांत सोयरीक पक्की होते ती गोळ खाऊन. गुळाचा खडा चारचौघांत तोंडात गेला की शब्द फिरवायचा नसतो, फिरवला तर तांड्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. तिनं हीच रीत दारूला लावली. दारू सोडतो म्हणणाऱ्यानं सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं तिच्या हातचा गोळ खायचा, आणि तिनं त्याच्या हातचा. बरेच सुटले. जो घसरायचा त्याला पुन्हा मंदिरापुढं उभं करायचं, पुन्हा गोळ. पुन्हा तिच्याही तोंडात गोळ.

मग दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान मागायचं ठरलं. हे मतदान तुम्हाला माहीत असेल. कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का. अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवी केली की दुकान उठतं. तेव्हा पंचफुलाबाई घरोघर फिरू लागली, आसपासच्या वस्त्यांतही. आता घरात बसलं की चहा आलाच. चहात साखर किती, तर ओठ चिकटतील इतकी, कारण फिका चहा दिला तर पाहुण्याला वाटतं घरात साखर नाही. आणि नको म्हणावं, तर घरवाली तोंड पाडून म्हणते, "आमच्या कपाले बट्टा लागला का बाई?" एका घराचा चहा पिऊन दुसऱ्याचा टाळला, की दुसरं मत उभ्या बाटलीला गेलं समजा. दारू हटवायची लढाई सगळी चहावर चालली होती. पोटात भाताचा ढीग, तोही रेशनचा पांढरा. ज्वारी आता पेरतो कोण. आणि फिरणं म्हणाल तर आता कोणाच्या ना कोणाच्या गाडीवर मागं बसूनच व्हायचं.

तिची मान काळी पडत चालली होती. मखमलीसारखी काळी, जाड. ती दगडानं घासायची, बेसन लावायची, निघायची नाही. तांड्यातल्या सुना हसायच्या, "काकी, गळ्यात काळा दोरा बांधला का?" जेवलं की अशी गुंगी यायची की सभेत बसल्याबसल्या मान कलायची. हातपाय तसेच बारके, पोट मात्र पुढं. तिला वाटायचं, वय झालं. पन्नाशी काही फार नसते, पण तांड्यातल्या बाईला ती लवकर येते.

उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा तांड्याची आशाताई संगीता तिला धरून दारव्ह्याला घेऊन गेली. खाजगी दवाखाना. पोटाची सोनोग्राफी झाली, रक्त काढलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून विचारलं, "दारू घेता का?"

"म्याडम," पंचफुलाबाई म्हणाली, "मी दारू घेत नाही. मी दारू फोडते."

संगीताला हसू आलं, डॉक्टरीणबाईंनाही. पण कागदावर लिहिलं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. लिव्हरमध्ये चरबी भरली होती, आणि सूज होती.

"घरी कापूस आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिनिंगच्या गेटवर गाड्या येतात, तिथला माणूस गेट उघडतो, माल आत जातो. आपल्या अंगातली साखर म्हणजे त्या गाड्या, आणि गेट उघडणारा म्हणजे इन्सुलिन. गाड्या थांबल्याच नाहीत, गोदाम गच्च भरलं, तर गेट उघडत नाही. तो माणूस ओरडून ओरडून थकतो. एकाच्या जागी चार माणसं लावली तरी गेट सरकत नाही. मग माल कुठं टाकायचा? मिळेल त्या अंगणात. तुमचं लिव्हर ते अंगण झालंय. आणि ओलसर कापूस ढिगात पडून राहिला की काय होतं?"

"आतून तापते," पंचफुलाबाई म्हणाली. ते तिला माहीत होतं. ढिगात हात घातला की चटका बसतो.

"तीच सूज. तुमच्या मानेवरचा काळा पट्टाही त्याचाच. साखर बंद, गूळ बंद, भात मूठभर. रोज चालायचं, दम लागेल असं. वजन उतरलं की हे मागं फिरतं. पण चहा बंद म्हणजे बंद."

इथंपर्यंत ठीक होतं. पण बाहेर आवाज देणाऱ्या पोरीनं कागद नेऊन देताना मोठ्यानं विचारलं, "लिव्हरवाल्या बाई कोण? राठोड?" बाकावर जीपवाला शाम बसला होता, त्याच्या आईची पट्टी बदलायला आलेला. त्यानं मान वळवून पाहिलं, आणि शामच्या पोटात गोष्ट ठेवायला जागाच नव्हती. परतीच्या जीपमध्ये त्यानं आरशातून विचारलं, "काकी, लिव्हर म्हणते तुमचं?"

सबंध जीप गप्प झाली. त्या गप्प बसण्यातच तिला सगळं ऐकू आलं.

फाट्यावर दारूच्या दुकानाच्या पायरीवर गुलाबसिंग बसला होता. हा तांड्याचाच माणूस. दुकानाची जागा त्याची, गल्ल्यावर बसायचं कामही त्याचंच. तीन दिवसांत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला, "बाई म्हणत होती ना, लिव्हर गेलं की बाटली शोधा. शोधा मंग. कणगीत पाहा, चुलीमागं पाहा."

घरी नवरा पूनमसिंग. साधा माणूस, उभ्या आयुष्यात थेंब नाही शिवला. त्याला एवढंच कळलं, लिव्हर म्हणजे कावीळ. त्यानं कोणाला न विचारता सायकल काढली आणि दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ रहमतचाचाच्या रसवंतीवर गेला. रहमतचाचानं ऐकलं तसा घुंगरांचा चरक सोडून उठला. "लिव्हर को उसाचा रस म्हणजे अमृत रे. बर्फ नको, लिंबू टाकतो. रोज घेऊन जा. तिच्याकडून मी पैसा नाही घेणार, माझ्या जावयाची तिनं सोडवली."

पूनमसिंग कॅन भरून रस घेऊन आला. पंचफुलाबाईनं कॅनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. डॉक्टरीणबाईंचं प्रत्येक अक्षर तिला आठवत होतं. पण अंगणात तोवर शेजारणी जमल्या होत्या, रुक्माबाई पुढं होती, आणि तिनंच विचारलं, "कावीळ आहे का वं?"

कावीळ. हा शब्द पंचफुलाबाईला बुडणाऱ्याला फांदी मिळावी तसा मिळाला. कावीळ पाण्यानं होते, देवानं होते, नशिबानं होते. कावीळवाल्याच्या तोंडाचा कोणी वास घेत नाही.

"हो," ती म्हणाली. "कावीळच आहे."

आणि मग तिला रस प्यावाच लागला. सगळ्यांसमोर. त्या दिवशीच नाही, सारा उन्हाळा. कावीळ म्हटल्यावर कोणी ग्लुकोजची पुडी आणून द्यायचं, कोणी मुळ्याच्या रसात गूळ कालवून. ती नाकारायची कशी? रस नाकारला तर कावीळ खोटी, कावीळ खोटी तर बाटली खरी, बाटली खरी तर मतदान गेलं. संगीता एकटीला खरं माहीत होतं. ती माठाशी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत यायची आणि दात-ओठ खाऊन बोलायची.

"काकी, जहर पिऊन राह्यली तुम्ही."

"गोड आहे पण."

"हसू नका. मी सांगते तांड्याले. दारूबिगर बी होते म्हणून सांगते."

"आन् मंग?" पंचफुलाबाई म्हणायची. "इतके वर्ष मी सांगतलं दारूनंच होते. आता म्हणू, नाही, बिगर दारूचं बी होते? गुलाबसिंग काय म्हणन माहीत आहे? म्हणन, न पिणाराचं बी जाते, तर मंग प्यायले काय हरकत. तू म्हणशीन तेच तो म्हणन, फक्त त्याच्या तोंडून ते महाग पडन. मतदान होऊ दे."

संगीतानं पेला माठावर उपडा घातला आणि ती निघून गेली. खरं सांगा, तुमच्याकडे याला उत्तर आहे?

मतदान जवळ आलं तसा गुलाबसिंगनं नायकाकडे अर्ज केला, तोंडीच. तांड्याचा नायक सेवादास, न्यायाला बसला की कोणाचा भाऊ नाही. लिंबाखाली सारा तांडा जमला. गुलाबसिंग हात जोडून म्हणाला, "नायक, आमच्या बाप्यांचे तोंड हुंगले हिनं. आमचं बी म्हणणं आहे, हिचं बी हुंगा."

कोणीतरी खिदळलं. नायकानं पंचफुलाबाईकडे पाहिलं. ती उठली. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही, पण रुक्माबाई काठी टेकत आली, तिच्यापुढं उभी राहिली आणि डोळे खाली घालून म्हणाली, "तोंड उघड बाई." इतकी वर्षं दोघींनी मिळून गावाची तोंडं हुंगली होती. पंचफुलाबाईनं तोंड उघडलं. रुक्माबाईनं नाक पुढं नेलं आणि तशीच थांबली.

"काही नाही," ती म्हणाली. "गोड वास आहे. रसाचा."

"आज नसन पेली," गुलाबसिंग म्हणाला. "गोळ खा म्हणा. कधीच नाही पेली म्हणून गोळ खा म्हणा मंदिरापुढं."

नायकानं सगळ्यांना मंदिरापुढं नेलं आणि गोळ मागवला. मोठा खडा होता, मुठीएवढा, फोडायला कोणी पुढं झालं नाही. संगीता बायकांत उभी होती, तिनं तोंडावर पदर धरला. पंचफुलाबाईनं खडा घेतला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाहत, दातांनी तोडत, अख्खा खाल्ला. तांड्याला वाटलं काय ही हिंमत. हिंमत तर होतीच. फक्त कशाची, ते एकट्या संगीताला कळत होतं.

मतदान झालं. बायका आसपासच्या वस्त्यांतून ट्रॅक्टर भरभरून आल्या. बाटली आडवी झाली. गुलाबसिंगनं दुकानाचं शटर ओढलं तेव्हा बायकांनी तिथंच नगारा वाजवला. मंदिरापुढं कढई चढली, लापसी झाली, गुळाची, तुपाची, आणि पहिलं ताट पंचफुलाबाईपुढं आलं. तिनं दोन घास खाल्ले आणि ताटावरच आडवी झाली. लोक म्हणाले, आनंदानं झालं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त पुन्हा पाहिलं. आता शुगर पक्की लागली होती. आणि लिव्हर नुसतं चरबीचं राहिलं नव्हतं, कडक होत चाललं होतं. तिथल्या डॉक्टरांनी संगीताला बाजूला घेतलं. "अजून थोडं मागं फिरू शकतं. पण यांनी हे सगळे महिने वाया घालवले. आता पुढचे घालवले तर मी काही सांगू शकत नाही. यांच्या घरात लिव्हरनं कोणी गेलं होतं का?" संगीतानं दिराचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तसंच होतं शेवटी. दारूनं झालं काय आणि साखरेनं झालं काय, कडक झालेल्या लिव्हरला फरक कळत नाही."

पंचफुलाबाई दारातून ऐकत होती.

घरी आल्यावर पूनमसिंग तिच्या पायाशी बसून राहिला. त्याला संगीतानं सगळं सांगितलं होतं. तो तिला पोराच्या नावानं हाक मारायचा, याडी म्हणजे आई. म्हणाला, "सुनीलची याडी, मी पाजला तुले तो रस."

"तुम्ही पाजला म्हणून पेली," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातचा असता तर सांडला असता कुठंतरी."

मग तिनं ठरवलं. दुकान तर उठलं, आता बोलायला हरकत नाही, असं तिला वाटलं. महाराजांच्या भोगाच्या, म्हणजे नैवेद्याच्या, दिवशी सारा तांडा मंदिरापुढं असताना ती उभी राहिली. आवाज पूर्वीचा नव्हता. ती म्हणाली, "कावीळ नव्हती मले. मी खोटं बोलली. माझं लिव्हर गेलं, आन् मी दारूचा थेंब नाही घेतला. साखरेनं गेलं, भातानं गेलं, बसून राहण्यानं गेलं. चहानं गेलं, तुमच्याच घरच्या. मी तुमाले अर्धं सांगत होती इतके दिवस. तुमच्यातबी असन हे कोणाले. ज्याची मान काळी पडली, ज्याचं पोट पुढं आलं, त्यानं रक्त पाहून घ्या."

मग मागून गुलाबसिंगचा आवाज आला, अगदी शांत, "मंग आमचं दुकान कायले बंद केलं जी?"

बाप्ये हसले. आणि हसणं पसरत गेलं.

पंचफुलाबाईनं बायकांकडे पाहिलं. तिथून काहीतरी येईल असं तिला वाटलं होतं. रुक्माबाई म्हणाली, "मंदिरापुढं गोळ खाल्ला तू. कावीळ म्हणून सांगतलं ते खोटं होतं. मंग गोळ खाऊन सांगतलं ते खरं कसं धरू आमी?" यात राग नव्हता. तेच वाईट होतं. म्हातारी खरंच विचारत होती.

"संगीताले विचारा, तिले सगळं माहीत आहे," पंचफुलाबाई म्हणाली. संगीता पुढं झाली, कागद दाखवू लागली, जिनिंगचं गेट सांगू लागली. पण तिलाही कोणीतरी म्हणालं, "तुले माहीत होतं तर तू काहून चूप होती?" आणि संगीतानं कागद घडी करून पिशवीत घातले.

ज्यांनी तिच्या हातचा गोळ खाऊन सोडली होती, त्यातले काही आठवड्यातच परत लागले. दुकान बंद, तर दुसऱ्या गावाहून आणायचे. विचारलं की म्हणायचे, "न पिऊन पंचफुलाकाकीचं काय झालं, पाहिलं ना." तिचंच वाक्य, उलटं करून. ज्या घरांतून तिला चहा सुटत नव्हता, त्या घरांतून आता चहा विचारतही नाहीत. तसं पाहिलं तर तिच्या तब्येतीला हे बरंच. ती पूनमसिंगला म्हणते, "पथ्य आपोआप पाळून राह्यली मी."

रोज सकाळी ती चालायला निघते. फाट्यापर्यंत आणि परत. मोर्च्याला जिच्यामागं तांडा निघायचा, तिच्यामागं आता एकटा पूनमसिंग असतो, चार पावलं अंतर ठेवून, कारण नवराबायकोनं जोडीनं चालणं तांड्यात बरं दिसत नाही. बायका दारातून पाहतात. त्यातल्या निम्म्यांची मान काळी आहे. एकीनंही रक्त पाहिलेलं नाही. दवाखान्यात जाणं म्हणजे लिव्हर, आणि लिव्हर म्हणजे काय ते आता तांड्याला दोन प्रकारे माहीत आहे, एक तर ते दारूनंच जातं, नाहीतर दारूचा त्याच्याशी काही संबंधच नाही, आणि दोन्ही चूक.

पुढच्या महिन्यात तिची परत तपासणी आहे. वजन थोडं उतरलंय. लिव्हर मागं फिरलं की पुढं गेलं, ते तेव्हाच कळेल. पोटावर हात ठेवून ती सारखी चाचपते, दिराचं पोट हाताला कसं लागायचं ते तिला आठवतं. पूनमसिंगला विचारते, "फुगलं का हो?" तो म्हणतो, नाही. ती विश्वास ठेवत नाही.

तिचं बोलणं आता तांडा ऐकत नाही, आणि संगीताचंही नाही. म्हणून हे काम तुमच्यावर सोपवतो आहे. उद्या तुमच्या बैठकीत, जीपमध्ये, पारावर कोणाच्या लिव्हरची गोष्ट निघाली आणि कोणी डोळा मारून "किती पेत होती?" असं विचारलं, तर गप्प बसू नका. मोठ्यानं सांगा की दारू न पिताही लिव्हर जातं, आणि दारू पिऊन तर जातंच जातं. दोन्ही एकाच दमात सांगा, अर्धं सांगू नका. मग उठा आणि ज्याची मान काळी पडली आहे त्याचा हात धरून त्याचं रक्त तपासायला न्या.